मसाई मारातला लॉज आणि पार्क फीचा तिसरा दिवस : माझा अनुभव

ऑगस्टमध्ये आम्ही चौघं, मी, नवरा आणि माझे आई-बाबा, केनियातल्या मसाई मारा अभयारण्याजवळ तीन रात्री लॉजवर राहून आलो. आल्यापासून जो तो विचारतोय सिंह दिसले का, चित्ता दिसला का. हो, दिसले सगळे. पण मला आधी तिथल्या सेकेनानी या प्रवेशगेटबद्दल लिहायचंय कारण तो राग अजून गेलेला नाहीये आणि पुढे जाणाऱ्या कोणाची तरी एक सकाळ यामुळे वाचेल.

आमचा लॉज पार्कच्या बाहेर होता, गेटपासून गाडीने दहा मिनिटं. टूरवाल्याच्या कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं, पार्क फी 2 दिवस, समाविष्ट. त्याचा हिशोब असा की पहिल्या दिवशी दुपारी तीनला आत शिरलात की ते तिकीट दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत चालतं, दुसरं तिकीट तिसऱ्या दिवशी तीनपर्यंत, म्हणजे दोन तिकिटांत तीन दिवस बसले. पूर्वी 24 तास धरायचे, आता नाही. 2024 पासून मारात तिकीट 12 तासांचं झालंय, सकाळी 6 ते संध्याकाळी 6, बास. तुम्ही दुपारी तीनला शिरलात तरी संध्याकाळी सहाला ते संपलं. आणि फी किती, तर परदेशी माणसाला जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर, जुलै ते डिसेंबर 200 डॉलर. आम्ही ऑगस्टमध्ये, चार मोठी माणसं, म्हणजे एका दिवसाचे 800 डॉलर. हे मला गेटवर उभं असताना कळलं.

तिसऱ्या दिवशी सहा दहाला गेटवर होतो. गाईड कागद घेऊन खिडकीवर गेला आणि बराच वेळ आलाच नाही. मला वाटलं बाबांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं असेल, पासपोर्ट घेऊन मीही गेले. खिडकीतल्या माणसाने न बोलता स्क्रीन माझ्याकडे वळवली, आमच्या नावापुढे दोन तारखा होत्या, काल आणि परवा, आजची नव्हतीच. त्याची काही चूक नव्हती, तो नीट बोलत होता, पण पैसे भरल्याशिवाय गाडी हलणार नाही म्हणाला आणि ते बरोबरच आहे.

बरं, भरू म्हटलं, तर रोख घेत नाहीत. कार्ड किंवा एम-पेसा, म्हणजे तिथलं मोबाइलवरून पैसे भरायचं साधन. आमच्या फॉरेक्स कार्डात उरले होते 310 डॉलर. नवऱ्याचं क्रेडिट कार्ड दोनदा नाकारलं, कारण त्यावर परदेशातला वापर चालूच केलेला नव्हता. तो चालू करायला बँकेचं ॲप, ॲपला इंटरनेट, वर ओटीपी, आणि आमच्या सिमना रोमिंग नाही कारण लॉजवर वायफाय आहे म्हणून आम्ही पॅक घेतलाच नव्हता. गाईडच्या फोनवरून टूरवाल्याला फोन लावला. तिथे साडेसहा म्हणजे आपल्याकडे नऊ, ऑफिस उघडतं दहाला. एक तास नुसती रिंग. शेवटी एकाने उचलला आणि मलाच समजवायला लागला की मॅडम तिकीट 24 तासांचं असतं, तुम्ही त्यांना सांगा. मी म्हटलं मी इथे खिडकीसमोर उभी आहे, माझ्यासमोर बोर्ड आहे, तुम्ही कोणाला सांगताय? मग म्हणे तुम्ही आत्ता भरा, आल्यावर बघू.

या सगळ्यात बाबा गाडीत बसून होते. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत, रिटायर झाल्यापासून आफ्रिका आफ्रिका करत होते, या ट्रिपसाठी स्वतः दुर्बीण घेतली होती. ती मांडीवर ठेवून रुमालाने काचा पुसत होते, पुसून झाल्या की परत पुसत होते, एक शब्द बोलले नाहीत. बाहेर मण्यांच्या बांगड्या विकणाऱ्या मसाई बायका काचेवर टकटक करत होत्या, आईने दोन घेतल्या, तेवढाच तिचा वेळ गेला. शेजारून एकामागून एक गाड्या आत जात होत्या आणि ऊन वर चढत होतं. सफारीत सकाळचे पहिले दोन तास म्हणजे सगळं काही, तेवढ्यातच सिंह हलताना, खाताना दिसतात, नंतर सावली धरून पडतात ते थेट संध्याकाळपर्यंत.

शेवटी मार्ग काढला तो आमच्या गाईडने. त्याने लॉजच्या मॅनेजरला फोन केला, मॅनेजरने लॉजच्या एम-पेसावरून आमची फी भरली आणि आमच्या बिलात लावली, ना ओळख ना पाळख, फक्त दोन रात्रींचे पाहुणे आम्ही. आठ चाळीसला गेटमधून आत गेलो. म्हणजे अडीच तास. गाईडच्या रेडिओवर सकाळपासून एका कळपाबद्दल बोलणं चालू होतं, सिंहांनी पहाटे झेब्रा मारला होता. आम्ही पोचलो तेव्हा सगळ्या सिंहिणी झुडपाखाली पोटं फुगवून झोपलेल्या आणि झेब्र्याच्या फासळ्यांवर गिधाडं. बाबांनी बघितलं, फोटो काढले, छान आहे म्हणाले. त्यांच्या आवाजावरून मला कळलं.

म्हणून सांगते, टूरवाल्याकडून पार्क फी तारीखवार लिहून घ्या. "2 दिवस समाविष्ट" असं नको, अमुक तारखेची फी, तमुक तारखेची फी, असं. दुपारी पोचणार असाल तर त्या दिवशी पार्कात जाऊच नका, तीन तासांसाठी 200 डॉलर जातात, त्यापेक्षा लॉजवर आराम करा. लॉज पार्कच्या आत असेल तर सकाळी गेटची भानगड नाही, पण चेकआऊटच्या दिवशी 10 च्या आत पार्कबाहेर पडावं लागतं, नाहीतर आणखी एका दिवसाची फी. आतले लॉज महाग असतात पण हा सगळा हिशोब धरून बघा, फरक वाटतो तेवढा राहत नाही. आणि कार्डाचा परदेशी वापर घरूनच चालू करून निघा, एका तरी सिमवर रोमिंग ठेवा.

लॉज मात्र सुंदर. तंबू म्हणजे आपल्या डोळ्यासमोर येतो तसा नाही, जाड कॅनव्हासच्या भिंती, आत पलंग, मागे बाथरूम, गरम पाणी ठरलेल्या वेळी. चेन कायम लावलेली ठेवायची, माकडं आत घुसतात, आमच्या शेजारच्यांची बिस्किटं गेली. अंधार पडल्यावर एकट्याने फिरायचं नाही, जेवायला जायचं तर टॉर्च दाखवायचा, अस्कारी म्हणजे राखणदार येतो आणि नेऊन आणून सोडतो. कुंपण आहे म्हणून कोणी ढिलाई करत नाही. रात्री तरसं ओरडतात, पहिल्या रात्री आई झोपली नाही, दुसऱ्या रात्री घोरत होती.

थंडी! हे कोणी सांगत नाही. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, ऑगस्टमध्ये पहाटे उघड्या छताच्या गाडीत स्वेटर, कानटोपी, दोन्ही लागतं. आई-बाबांना आफ्रिका म्हणून सुती कपडेच घेतले होते, लॉजने गाडीत ब्लँकेटं दिली म्हणून निभावलं. रात्री पांघरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवून जातात, पायाला काही गरम लागलं तर घाबरू नका.

जेवणाची काळजी करू नका. तिथे चपातीला चपातीच म्हणतात आणि चहाला चाय. सुकुमा विकी नावाची पालेभाजी कांदा-टोमॅटोवर परततात, ती आईला इतकी आवडली की रोज मागितली. गुरुवारी आईचा उपवास, ते कळल्यावर आचारी स्वतः टेबलाशी आला, काय चालतं ते विचारून उकडलेले बटाटे, दही, शेंगदाणे आणि पपई घेऊन आला. त्याला आणि बाकी स्टाफला टिप वेगवेगळी देत बसायची गरज नाही, रिसेप्शनवर डबा असतो त्यात टाकायची, गाईडची मात्र वेगळी हातात द्या. डॉलर नवीन छपाईचे न्या, जुन्या नोटा घेत नाहीत.

निघायच्या आधीचं म्हणजे ई-टीए, केनियात शिरायचा परवाना, ऑनलाइन होतो, त्यात काही अडचण नाही. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, साठीपुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून. लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड परत येताना मुंबईत बघतात, नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, म्हणून पासपोर्टमध्येच ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्या केनियात 2017 पासून बंद आहेत, चप्पल-साबण गुंडाळायला कापडी पिशव्या न्या. लष्करी छापाचे कपडे नकोत. चार्जरला आपली पिन चालत नाही, तीन चौकोनी पिनांचा ॲडॅप्टर लागतो.

शेवटच्या सकाळी पार्कात जायचंच नव्हतं. बाबा तंबूबाहेर खुर्ची टाकून बसले होते आणि समोरच्या हिरवळीवर रानडुकरांचं एक कुटुंब आलं, पुढचे गुडघे टेकून गवत खातात ती, वयस्क माणसं देवापुढे बसतात तशी, गुडघ्यांना कातडीचे घट्टे पडलेले दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होते. बाबांनी तासभर तेच बघितलं, मला दोनदा हाक मारून दाखवलं.

टूरवाल्याने चार मेलनंतर 400 डॉलर परत केलेत, उरलेल्या 400 ला नियम बदलल्याची कल्पना नव्हती असं उत्तर आलंय. तिकिटाच्या पावत्या आणि त्यांचं कोटेशन एकत्र जोडून सोमवारी पाचवा मेल करतेय.