चिल्लई कलानमधली माणसे : हिवाळी श्रीनगरमध्ये सहज टिपलेले फोटो

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून सुरू होणाऱ्या चाळीस दिवसांच्या कडाक्याच्या थंडीला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. त्याच काळात, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, मी पाच दिवस श्रीनगरला आणि एक दिवस गुलमर्गला होते. बर्फाने झाकलेल्या डोंगरांपेक्षा, त्या बर्फात रोजचे व्यवहार करणारी माणसे, त्यांना मुद्दाम उभे न करता टिपावीत, एवढाच हेतू होता.

सर्वांत चांगले फोटो जुन्या शहरातल्या आली कदल भागात मिळाले. तेथील हरिसाची दुकाने पहाटेच उघडतात आणि हरिसा, म्हणजे रात्रभर शिजवून घोटलेले मटण, घ्यायला माणसे डबे घेऊन येतात. त्यांच्या फेरनच्या, म्हणजे लांब सैल लोकरी अंगरख्याच्या, बाह्या रिकाम्या लोंबत असतात, कारण दोन्ही हात आत कांगडीभोवती, म्हणजे निखारे भरलेल्या छोट्या शेगडीभोवती, असतात. पैसे देण्यासाठी एका आजोबांनी हात बाहेर काढला, तेव्हा बोटांना राख लागलेली होती आणि दाढीत अडकलेले हिमकण मडक्याच्या वाफेने विरघळत होते. तो क्षण मला टिपता आला, कारण त्याआधी अर्धा तास मी तेथेच बसून गिरद्याबरोबर (तंदुरी रोटीबरोबर) हरिसा खाल्ला होता आणि दुकानदाराला व गिऱ्हाइकांना कॅमेरा दाखवून विचारले होते.

रस्त्यापलीकडून लांब लेन्सने चोरून फोटो काढणे मला पटत नाही. होकार मिळाल्यावर पहिली पाच मिनिटे माणसे कॅमेऱ्याकडे पाहून हसतात. मग ती आपापल्या कामाला लागतात आणि खरा फोटो तेव्हाच मिळतो. त्यासाठी ३५ मिमीची लेन्स पुरते. स्त्रियांना विचारल्याशिवाय फोटो काढू नये आणि जवान किंवा त्यांच्या चौक्यांकडे कॅमेरा वळवूच नये. गुलमर्गला स्लेज ओढणाऱ्यांचे फोटो हवे असतील, तर त्यांच्या वेळेचे पैसे आधी ठरवावेत. बर्फ जास्त असेल, तर गुलमर्गच्या वाटेवरच्या तंगमर्गपासून पुढे चाकांना साखळ्या लावलेली गाडी करावी लागते, हेही लक्षात ठेवावे.

पहिल्या दिवशी माझ्या फोटोंतले बहुतेक चेहरे काळवंडले, कारण पांढऱ्या बर्फामुळे कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि प्रकाश कमी घेतो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश, एक ते दीड स्टॉप (प्रकाशाचे माप) वाढवल्यावर बर्फ पांढरा आणि चेहरे उजळ आले. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. बाहेरून बुखारी (खोली गरम करणारी शेगडी) पेटलेल्या खोलीत येण्यापूर्वी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा आणि तासभर उघडू नये, नाहीतर लेन्सवर बाष्प जमते. काढलेले फोटो लोकांना लगेच पाठवता यावेत म्हणून पोस्टपेड सिम न्यावे. बाहेरचे प्रीपेड तेथे चालत नाही.

त्या आजोबांकडे मात्र मोबाईल नव्हता. शेवटच्या सकाळी मी छापून घेतलेला फोटो हरिसावाल्याकडे दिला, तेव्हा त्याने हात पुसून तो घेतला, बराच वेळ पाहिला आणि आजोबा येईपर्यंत गल्ल्यामागच्या फळीवर उभा करून ठेवला.