पणजीजवळ लाईट-पाणी धरून भाड्याची खोली शोधली, माझा अनुभव

मी मूळची बांद्याची, नोकरी पणजीत एका लॅबमध्ये. बांद्याहून रोज गोव्यात नोकरीला येणारे आमच्याकडे भरपूर आहेत, मीही येत होते, पण शिफ्ट रात्री आठला सुटायला लागली आणि म्हापशाहून पुढे गाडी मिळेल की नाही हा रोजचा घोर सुरू झाला. शेवटी आईच म्हणाली, तिकडेच खोली बघ. बजेट सगळं मिळून १३ हजार. सगळं मिळून म्हणजे भाडं, लाईट, पाणी, नेट हे सगळं त्यात बसायला हवं, कारण घरीपण पैसे पाठवायचे असतात आणि दर महिन्याला वेगवेगळा आकडा आला की हिशोबच बसत नाही.

आधी पणजीतच बघितलं. सांतिनेज, मळा, करंझाळे. मळ्यातली जुनी घरं बघून जीव हरखतो पण तिकडे बहुतेक ठिकाणी आता टुरिस्टला दिवसावर देतात, आमच्यासारख्यांना महिन्याच्या भाड्याने द्यायला मालकाला परवडतच नाही म्हणे. एका ठिकाणी खोली खरंच स्वस्त होती, जूनमध्ये बघितली, मग कळलं फक्त पावसाळ्यापुरती, सीझन सुरू व्हायच्या आधी खाली करायची. गोव्यात पावसाळ्यात बघत असाल तर हे पहिल्याच फोनवर विचारा की वर्षभर देणार का.

ऑनलाईन जाहिरातींमध्ये एक प्रकार सारखा दिसला. फोटो एकदम मस्त, भाडं निम्मं, मालक म्हणतो मी आर्मीत आहे, बदली झालीय, सोसायटीच्या गेटपाससाठी आधी टोकन पाठवा. घर न बघता एक रुपयाही पाठवू नका प्लीज. माझ्या रूमवर येणाऱ्या एका मुलीचे असेच गेले, बिचारी महिनाभर रडत होती.

मग ब्रोकरने ताळगावला १ आरके दाखवला, भाडं ९ हजार. ऐकायला छान. पण मी वही काढून बसले. सोसायटी मेंटेनन्स १२००, लाईट बिल वेगळं, नेट ७००, उन्हाळ्यात टँकर आला की त्याची वाटणी, वर ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, ते ११ महिन्यांवर पसरवलं तरी महिन्याला ८०० च्या वर जातं. सगळं जोडलं तर १२ साडेबारा होत होतं आणि मे महिन्यात किती होईल ते कोणी सांगत नव्हतं. तेव्हा ठरवलं की नुसतं भाडं ऐकायचंच नाही, सगळं धरून किती ते ऐकायचं.

मेरशीला एक मालक म्हणाले लाईट-पाणी सगळं इन्क्लुडेड, फक्त सबमीटरवर (खोलीसाठी मालकाने लावलेला वेगळा मीटर) जास्त झालं तर युनिटमागे पैसे. माझा दादा इलेक्ट्रिशियन आहे, त्याने एक गोष्ट सांगून ठेवली होती ती तिथे कामी आली. डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा असतो, वीज वापरली जात असली की तो लुकलुकतो. खोलीचा मेन स्विच बंद करायचा आणि मीटरजवळ जाऊन उभं राहायचं. मी तसं केलं. खोलीत सगळं बंद, पंखा बंद, फ्रीज बंद, तरी दिवा टकटक चालूच! मालकांना विचारलं तर म्हणाले पाण्याचा पंप त्याच लाईनवर आहे बहुतेक. म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचं पाणी माझ्या युनिटवर चढणार. मी नमस्कार करून निघाले. घर बघायला जाताना हे प्रत्येकाने करावं, दोन मिनिटं लागतात.

आणखी एक. मालकाचं आणि आपलं एकच सरकारी मीटर असेल तर दर काय लावणार ते विचारा. गोव्यात घरगुती बिलात १००-१०० युनिटच्या टप्प्याने दर वाढत जातो. आपण १०० युनिट वापरले आणि मालकाने २५० तर बिल ३५० चं येणार, त्यातला वरच्या टप्प्याचा दर आपल्या माथी नको.

शेवटी सांताक्रूझला मिळालं, तेपण लॅबमधल्या मावशींच्या ओळखीने, ब्रोकर नाही. जुनं कौलारू घर, मागच्या बाजूला खोली, किचन आणि बाथरूम, पुढे आंटी एकट्या राहतात. मी प्रश्नांची वही काढायला जरा कचरत होते तर त्याच म्हणाल्या, "विचार गो बाय, लजूं नाका." मग मी सगळं विचारलं. पाणी नळाचं येतं, ओपाच्या पाणी प्रकल्पाची पाइपलाइन फुटली की तिसवाडी तालुक्यात सगळीकडे बोंब होते पण यांच्याकडे विहीर आहे, धुण्याभांड्याला तेच पाणी. नेट त्यांचंच वायफाय. लाईट १५० युनिटपर्यंत भाड्यात, वर गेलं तर बिलात जो दर लागेल तोच. सगळं धरून १२,५००, डिपॉझिट दोन महिन्यांचं.

१५० पुरेल का ते मी आधीच काढलं होतं. २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. फ्रीज दिवसाला साधारण एक. ७५ वॅटचा पंखा १२-१३ तास चालला की एक. बाकी लाईट, मिक्सर, मोबाईल किरकोळ. म्हणजे महिन्याला १०० च्या आसपास, आरामात बसतं. एसी असता तर एका रात्रीत ६-८ युनिट गेले असते, म्हणून एसीची खोली मी बघितलीच नाही.

अ‍ॅग्रीमेंट ११ महिन्यांचं केलं. त्यात नुसतं "लाईट-पाण्यासह" न लिहिता वीज किती युनिट, पाणी, वायफाय, पंप आणि अंगणातला दिवा मालकाकडे असं एकेक लिहून घेतलं. आंटींना जरासुद्धा राग आला नाही, उलट त्यांच्या मुलाने विहिरीचं वाक्य स्वतःहून टाकलं. पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म त्यांनी भरून दिला, माझा आधार, फोटो आणि अ‍ॅग्रीमेंटची झेरॉक्स जोडून. गोव्यात भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मालकावर बंधनकारक आहे, जो मालक म्हणेल राहू दे कशाला हवंय, तिथे मला तरी राहायला नको वाटलं असतं.

गॅस तेवढा वेगळा. मी ५ किलोचा छोटा सिलिंडर घेतला, त्याला पत्त्याचा पुरावा लागला नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला मी मीटरचा फोटो काढून आंटींच्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅप करते. १५० च्या वर फक्त मे मध्ये गेलं, आई राहायला आली होती आणि पंखा दिवसरात्र चालू. वरच्या युनिटचे पैसे दिले, बिलाचा फोटो त्यांनी स्वतःहून पाठवला होता.

आता ११ महिने संपतायत. आंटी ५०० वाढवणार म्हणाल्यात, मी हो म्हटलंय. पावसात लाईट फार जाते, तेव्हा नव्या अ‍ॅग्रीमेंटच्या आधी इन्व्हर्टरचं तेवढं बोलून घेणार आहे.