म्हातारा बिफ परत आला कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. 'बॅक टू द फ्युचर' या तीन भागांच्या काळप्रवासाच्या सिनेमाचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. दुसऱ्या भागात म्हातारा बिफ, म्हणजे यातला खलनायक, 2015 मधून डेलोरियन ही काळप्रवासाची गाडी पळवतो, 12 नोव्हेंबर 1955 ला जाऊन तरुण बिफच्या हातात सामन्यांच्या निकालांचं पुस्तक ठेवतो, म्हणजे इतिहास बदलतो. मग तो परत त्याच जुन्या 2015 मध्ये, गाडी बनवणारा शास्त्रज्ञ डॉक आणि त्याचा तरुण मित्र मार्टी यांच्या शेजारी कसा उतरतो? या प्रश्नाला माझी काहीच हरकत नाही. राग येतो तो पुढच्या वाक्याचा: "म्हणजे सगळी पटकथाच पोकळ." पोकळ नाही. एका जागी फट आहे, आणि ती नेमकी कुठे आहे हे दाखवता येतं.

आधी एक गोष्ट मान्य करू. काळात मागे जाणं शक्य आहे का, हा मुद्दा इथे गैरलागू आहे. तपासायचं ते एवढंच, की पहिल्या भागाने घालून दिलेला नियम पुढच्या भागाने मोडला का. त्या कसोटीवर 'टर्मिनेटर'ची चूक मोठी आहे. 1984 च्या सिनेमात 2029 मधून आलेला काइल रीसच, त्याला पाठवणाऱ्या जॉनचा बाप ठरतो. जे घडलं ते घडणारच होतं, असा तो बंद फेरा. 1991 च्या दुसऱ्या भागात मात्र यंत्रांनी घडवलेला 29 ऑगस्ट 1997 चा मानवसंहार टाळता येईल असं धरूनच सगळी धावपळ चालते. नियमच बदलला, तरी त्याबद्दल मला फारसं कोणी विचारत नाही. कारण तिथे कुणी फळ्यावर नियम काढून दाखवत नाही. डॉक दाखवतो, आणि तिथेच तो अडकतो.

डॉक आणि मार्टी परततात तेव्हा बिफच्या पुस्तकाने 1985 बदललेलं असतं; तिथल्या उद्ध्वस्त प्रयोगशाळेत डॉक खडूने एक आडवी रेघ ओढतो आणि भूतकाळातल्या एका बिंदूपासून तिला खाली फाटा फोडतो. मार्टी म्हणतो, चला 2015 ला, बिफने गाडी चोरण्याआधीच त्याला अडवू. डॉक म्हणतो, जमणार नाही. इथून पुढे गेलो तर या बिघडलेल्या इतिहासाच्याच भविष्यात पोचू. हा नियम बिफला लावा. पुस्तक देऊन तो 1955 हून पुढे निघाला, तर तोही फाट्यावरच जायला हवा होता. तो गेला नाही.

बचाव आहे, आणि तो सिनेमांतच आहे. बदल कधी झिरपतो हे तिन्ही भागांतल्या वस्तू पाहून ठरवा. पहिल्या भागात मार्टी आपल्या होणाऱ्या बापाला, जॉर्जला, गाडीखालून वाचवतो 5 नोव्हेंबरला, आणि आईबापाची भेट हुकते, पण मार्टीजवळच्या फोटोतली भावंडं एकदम जात नाहीत. आधी थोरल्या भावाचं डोकं जातं, मग बाकीचं पुसत जातं, आणि मार्टी स्वतः विरायला लागतो तो थेट 12 तारखेच्या नाचाच्या रात्री. का? कारण आईबाप अजून जुळू शकतात, निकाल लागलेला नाही. तिसऱ्या भागात डॉकच्या थडग्याच्या फोटोतलं नाव पुसलं जातं, पण दगड आणि तारीख राहते. मरणार कोण, हे तेव्हा ठरलेलं नसतं.

याउलट, निकाल लागला की बदल तत्काळ होतो. 1955 मध्ये परत जाऊन मार्टी ते पुस्तक जाळतो त्या क्षणी त्याच्या हातातली बिफच्या हॉटेलची काडेपेटी बदलते, आणि वर्तमानपत्रात जॉर्जच्या खुनाच्या जागी त्याच्या सत्काराची बातमी येते. तो खून 1973 चा, म्हणजे मधल्या अठरा वर्षांसाठी कुणी थांबत नाही. तिसऱ्या भागात, ज्या गाडीच्या शर्यतीने आयुष्य बिघडणार होतं ती मार्टी नाकारतो, तेव्हा 2015 मधून आणलेला त्याच्या बडतर्फीचा कागदही तसाच क्षणात कोरा होतो.

तेव्हा नियम असा: तारीख गौण, निर्णय पक्का झाला की बदल. आता बिफकडे या. म्हाताऱ्याने रेडिओवरच्या सामन्याचा निकाल, 19–17, आधीच सांगून दाखवला, तरी तरुण बिफ पुस्तक बेफिकिरीने गाडीच्या मागच्या सीटवर फेकतो. म्हातारा त्यावर चिडतो. पहिली पैज लागते ती एकविसाव्या वाढदिवसाला. म्हणजे म्हातारा निघाला तेव्हा इतिहास अजून कच्चा होता, म्हणून त्याला जुनं 2015 सापडलं.

पूर्वी मी इथेच थांबायचो आणि वाद जिंकलो असं समजायचो. आज मीच मला विचारतो: 'निघाला तेव्हा' म्हणजे कधी? 2015 मध्ये उतरणाऱ्या माणसासाठी ती पैज कधीच लागून गेलेली असते. फोटोला हा आक्षेप लागत नाही, कारण फोटो मार्टीबरोबर 1955 मध्येच आहे. बिफ साठ वर्षं ओलांडून जातो. या आक्षेपाला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे: बदल लाटेसारखा पुढे सरकतो आणि डेलोरियन त्या लाटेच्या पुढे पोचते.

गंमत म्हणजे चित्रीकरणात हे उत्तर होतं. परतलेला बिफ गाडीतून कळवळत उतरतो, काठीची मूठ आत तुटून राहते, एवढं पडद्यावर आजही दिसतं. त्यानंतर तो विरून नाहीसा होतो, तो तुकडा मात्र कापला गेला. पटकथाकार बॉब गेल यांचं स्पष्टीकरण असं, की नव्या इतिहासात मार्टीच्या आईने, लोरेनने, बिफला गोळी घातलेली असते, म्हणून 2015 मध्ये तो उरतच नाही. तो तुकडा जागच्या जागी ठेवला असता तरी प्रेक्षकाला काही उमगलं नसतं, कारण बिघडलेलं 1985 त्याने अजून पाहिलेलंच नाही. पण फळ्याच्या प्रसंगात डॉकच्या तोंडी एक वाक्य घालता आलं असतं: बदल पुढे पोचायला वेळ लागतो, म्हणून बिफला परत येता आलं, आता ती वेळ टळून गेली आहे. काठीची मूठ त्याच प्रसंगात डॉकच्या हाती आहे. पुरावा समोर आणि वाक्य गायब, ही त्या पटकथेतली मला सगळ्यात टोचणारी गोष्ट.

तरीही मार्टीची मैत्रीण जेनिफर उरते. पहिल्या भागाच्या शेवटी ती गाडीत बसते तेव्हा पुढच्या भागाची तयारी नव्हती. 'क्रमशः'ची पाटीही नंतर व्हिडिओ कॅसेटवर आली. दुसऱ्या भागात तिचं करायचं काय, म्हणून तिला झोपवलं. बदललेल्या 1985 मध्ये तिला तिच्या घराच्या ओसरीत ठेवताना मार्टी म्हणतो, या खिडक्यांना गज असल्याचं आठवत नाही. पुढे डॉक त्याला भरवसा देतो, की आपण यशस्वी झालो तर जेनिफर आणि डॉकचा कुत्रा जागच्या जागी राहतील आणि जग त्यांच्याभोवती क्षणात बदलेल.

क्षणात. मग बिफ परतला तेव्हा 2015 डॉक आणि मार्टीच्या भोवती का बदललं नाही? लाट मानली तर जेनिफरचं कोडं उरतं, क्षणात मानलं तर बिफचं. निर्णय कच्चा-पक्का असण्याचा नियम मला अजूनही सगळ्यात जवळचा वाटतो, कारण फोटो, थडगं, काडेपेटी आणि बडतर्फीचा कागद त्यात बसतात. ओसरीतली जेनिफरही बसते, पुस्तक जळणं हा पक्का निर्णय होता. बसत नाही तो एकटा बिफ.