पाणी उकळत होतं, दोष डेल्कोत होता

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट लागला की अर्ध्या वाटेतच पाणी उकळायचं. संत्र्याच्या एका बागायतदारांची जुनी पेट्रोल जीप, चार सिलिंडरचं हरिकेन इंजिन. "भाऊ, रेडिएटर साफ करून आणला, तरी लय गरम होते. अन् चढावर दमच नाही राह्यला तिच्यात."

मे महिना, पारा ४४ च्या वर. अशा दिवसांत सगळे रेडिएटरलाच धरतात. पाणी नीट फिरत होतं, फॅनबेल्ट ताठ होता. पण अ‍ॅक्सिलेटर सोडला की सायलेन्सर फटफट करायचा. ही उशिरा पडणाऱ्या ठिणगीची खूण. एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडला तरी आत जाळ चालूच असतो. ताकद वाया जाते आणि उष्णता मॅनिफोल्डला, पाण्याला मिळते.

डेल्कोची, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, कॅप काढली. आत फिरणारा उंचवट्यांचा कॅम कोरडा ठणठणीत, ग्रीसचा अंशही नाही. त्यावर घासून सीबी पॉइंटची (उघडला की ठिणगी पाडणाऱ्या संपर्काची) टाच झिजली होती. गॅप ०.५० मिमी हवा, तिथे ०.२० चं फिलरही (मापाची पातळ पट्टी) अडकत होतं. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) आपोआप मागे पडतं. डेल्कोला कोणी हातही लावलेला नसतो, तरी हे होतं.

म्हणून आधी गॅप, मगच टायमिंग. उलटं केलं तर सगळी मेहनत पाण्यात. नवा पॉइंट पेट्रोलच्या फडक्याने पुसून बसवला, कारण त्यावर तेलाचा पातळ थर असतो. गॅप कॅमच्या चारही लोबवर (उंचवट्यांवर) मोजला. तो लोबागणिक वेगळा आला असता तर शाफ्टचं बुश गेलंय असं समजायचं. मग टायमिंग स्थिर राहतच नाही. कॅमला तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस पुरे, जास्त झालं तर उडून पॉइंट जाळतं.

रेडिएटरकडचा एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला आणि हॅन्डल फिरवायला लावलं. हवेने अंगठा ढकलला की कॉम्प्रेशन. हे पाहायलाच हवं, कारण पुलीची खाच एक्झॉस्टच्या फेऱ्यालाही खुणेवर येते, तेव्हा रोटर (डेल्कोतला फिरता भाग) चार नंबरकडे असतो. खाच टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो त्या जागेच्या) ५ डिग्री आधीच्या खुणेवर आणली. पुढे गेली तर पाव फेरा मागे घेऊन पुन्हा त्याच दिशेने यायचं, नाहीतर गिअरमधली ढिलाई मापात घुसते.

कॉइलकडून डेल्कोला येणाऱ्या बारीक वायरीच्या टोकाला १२ व्होल्टचा बल्ब, दुसरं टोक बॉडीला. इग्निशन चालू. क्लॅम्प सैल करून डेल्को डावीकडे, म्हणजे रोटर फिरतो त्या दिशेने, बल्ब विझेपर्यंत नेला. मग उजवीकडे अगदी हळू. बल्ब पेटला त्या क्षणी थांबून क्लॅम्प आवळला. दोन पूर्ण फेरे देऊन खात्री केली: बल्ब बरोबर खुणेवर पेटला.

आवाज चढेपर्यंत डेल्को फिरवत राहणं ही आपल्याकडची वाईट सवय. मोकळ्या इंजिनला ते गोड वाटतं. घाटात लोड आला की तेच इंजिन नॉकिंग करतं, पिस्टन जळतो, आणि हॅन्डल उलटं बसून मनगट मोडू शकतं.

त्याच दुपारी जीप घाट चढली, पाणी उकळलं नाही. नवी टाच सुरुवातीला थोडी बसते, म्हणून मालकांना ५०० किलोमीटरनंतर गॅप पुन्हा मोजायला बोलावलंय.