डाव्या मनगटाचा रंग

निवृत्तीनंतर दोनच महिन्यांत घड्याळाचा पट्टा तुटला आणि नवा घालून आणायचा मला कंटाळा आला. आता कुठला तास गाठायचा नव्हता. घड्याळ कपाटात गेले. मात्र डाव्या मनगटावर दोन बोटे रुंदीची एक गोरी पट्टी मागे उरली आणि तिच्या दोन्ही बाजूंना बाकीचा हात करपलेल्या भाकरीसारखा. यात नवल काहीच नाही. बेळगावहून खानापूर जवळजवळ नीट दक्षिणेला आहे. सकाळी शाळेला जाताना ऊन डावीकडून येई आणि संध्याकाळी परतताना तोंड उत्तरेला झाल्यामुळे मावळतीचे ऊनही पुन्हा डावीकडूनच येई. स्कूटरवरून रोज पन्नासेक किलोमीटरचा हा फेरा सत्तावीस वर्षे चालला, म्हणून माझा डावा हात उजव्यापेक्षा अंमळ जास्तच रापलेला आहे.

दिवाळीला आलेली मुलगी परत मँचेस्टरला जाताना सेल्फ-टॅनरची अर्धी बाटली विसरून गेली होती. अंग घरच्या घरी उन्हात रापल्यासारखे दिसावे म्हणून तिकडे हे लोशन लावतात. टिळकवाडीत ऊन फुकट असताना माणसे ते बाटलीतून विकत घेतात याचे माझ्या पत्नीला फार हसू आले. मला मात्र ती गोरी पट्टी आठवली. घरात कोणी नसताना मी अंगठ्याने थोडे लोशन मनगटावर चोळले. तासाभरात काहीच दिसेना, म्हणून आणखी चोळले. झोपताना पुन्हा एकदा. सकाळी उठून पाहतो तर गोऱ्या पट्टीच्या जागी हाताहूनही गडद, कडा रेखीव असलेली तपकिरी पट्टी, आणि अंगठ्याचे पेर हळदकुंकवात बुडवल्यासारखे नारिंगी. दूधवाल्याने विचारलेच, “सर, हाताला काय झालं की ओ?”

मुलीने फोनवर सगळे सांगितले तेव्हा कळले की हा प्रकार उन्हापेक्षा आपल्या बेळगावच्या कुंदा या मिठाईच्या जवळचा आहे. लोशनमध्ये डायहायड्रॉक्सीॲसिटोन नावाची एक साधी साखर असते. त्वचेच्या अगदी वरच्या, मृत पेशींच्या थरातील अमिनो आम्लांशी ती संयोग पावते आणि तपकिरी रंग तयार होतो. खवा आणि साखर परतताना कुंद्याला जो रंग चढतो तोही प्रथिने आणि साखर यांच्या अशाच संयोगातून. या क्रियेला 1912 मध्ये तिचे वर्णन करणाऱ्या मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे नाव आहे. कुंद्याला विस्तव लागतो, या साखरेला अंगाची ऊब पुरते, एवढाच फरक. लोशन लावल्यावर बिस्किटासारखा वास का येत होता, याचाही उलगडा झाला. ही गोष्ट ध्यानात आली तीही औषधाच्या वाटेने: 1950च्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी येथे ईवा विटगेनस्टाइन यांनी आजारी मुलांना ही साखर तोंडावाटे दिली, तेव्हा जिथे ती अंगावर सांडली तिथे कातडी तपकिरी झाली, कपडे मात्र नाहीत. कोडाचे डाग झाकण्यासाठीही ती वापरतात, आणि माझ्या मते तिचा खरा मान तिथे आहे.

कुंदा घोटणाऱ्याला घाई चालत नाही, आणि माझे नेमके तिथेच चुकले होते. रंग दोन ते चार तासांनी दिसू लागतो आणि दिवसभर गडद होत राहतो. वाट न पाहता पुन्हा लावणे म्हणजे चहात साखर न ढवळताच आणखी दोन चमचे घालणे. शिवाय जिथे कातडी जाड आणि कोरडी, तिथे रंग अधिक धरतो. म्हणून आधी ओल्या पंचाने मृत त्वचा घासून काढायची, कोपर, गुडघे, घोटे आणि मनगटाच्या हाडावर किंचित मॉइश्चरायझर लावायचे, स्पंजाचा हातमोजा घालून लोशन पातळ पसरायचे आणि कडा चोळत चोळत विरवून टाकायच्या. नवी बाटली असेल तर आदल्या दिवशी थोड्या जागेवर लावून खाज येत नाही ना, हे पाहायचे. लावल्यावर सहा-आठ तास पाणी नको. हातमोजा नसेल तर तळवे लगेच साबणाने धुवायचे, कारण तळवे उन्हाने कधीच रापत नाहीत आणि नारिंगी तळवा सगळे उघडे पाडतो. हे शेवटचे मला फार पटले. रंग खरा वाटायला हवा असेल तर ऊन कुठे पोहोचत नाही, हे आधी ठाऊक हवे.

दुसऱ्या खेपेला, म्हणजे पहिली पट्टी आठवड्याभरात मृत पेशींबरोबर झडून गेल्यावर, मी हे सगळे निगुतीने केले. मनगटाची आतली बाजू कोरी ठेवली. पट्टी हातात इतकी मिसळून गेली की दूधवाल्याचे लक्षही गेले नाही. हा रंग उन्हापासून जवळजवळ काहीच राखण करत नाही, तेव्हा दुपारी बाहेर पडताना सनस्क्रीन लावायचे, अशी मुलीची सक्त ताकीद आहे.

मात्र आठ दिवसांत रंग फिका पडतो, म्हणून दर रविवारी सकाळी मी बाटली घेऊन बसतो. रविवारी सकाळीच वडील स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला आठवड्याची किल्ली देत असत. परवा पत्नीने स्वयंपाकघरातून विचारले, “झाली का किल्ली देऊन?”