जमिनीखाली मुरलेला फेस

क्रिकोवाच्या जमिनीखालच्या वाईन तळघरातून येऊन दोन आठवडे झाले तरी त्या काकूंचे हात डोळ्यांसमोरून जात नाहीयेत, म्हणून आज लिहायलाच बसले. साठीच्या आसपासच्या असतील, अंगात जाड स्वेटर, आणि समोर तिरक्या फळ्यांच्या भोकांत मान खाली करून खोचलेल्या फेसाळ वाईनच्या शेकडो बाटल्या. दोन्ही हातांनी दोन बाटल्या बुडाशी धरायच्या, एक हलका झटका इकडे, एक तिकडे, थोडंसं फिरवून सोडायच्या की लगेच पुढच्या दोन. खडक खडक, खडक खडक असा एका लयीत आवाज. बाटल्यांकडे बघतही नव्हत्या, हातांना सगळं पाठ होतं.

हे मोल्दोव्हातलं. रोमानिया आणि युक्रेनच्या मधे अडकलेला छोटासा देश, १९९१ पर्यंत सोव्हिएत युनियनमध्ये होता, आणि वाईन म्हटलं की पटकन कुणाच्या तोंडात याचं नाव येत नाही. पण नकाशा उघडून बघा, फ्रान्समधलं बर्गंडी साधारण ज्या अक्षांशावर आहे तिथंच हा देश आहे, आणि द्राक्षं इथं घराघरात आहेत, म्हणजे अंगणात, फाटकावर, जिन्याच्या कठड्यावर सुद्धा वेल चढलेले.

राजधानी किशिनाउपासून क्रिकोवा गाव जवळच आहे, गाडीने अर्धा तास. वर बघितलं तर काहीच नाही, साधं गाव. सगळं आहे ते खाली. इथली चुनखडी कापून किशिनाउ बांधलं गेलं, दुसऱ्या महायुद्धात शहराची पार वाताहत झाली होती ना, त्यानंतर तर दगड भरपूर लागला, आणि दगड वर गेला तसे खाली बोगदे मोकळे होत गेले. १९५२ मध्ये तिथं वाईनचं तळघर सुरू झालं. आज बोगद्यांची लांबी १२० किलोमीटरच्या आसपास सांगतात, म्हणून आत पायी फिरवत नाहीत, छोट्या विजेच्या गाडीत बसवतात. आत चक्क रस्ते आहेत, आणि रस्त्यांना वाईनची नावं, कॅबर्ने रस्ता, पिनो रस्ता अशा पाट्या लावलेल्या, ट्रॅफिकचे सिग्नल पण आहेत!

गाडी थांबली तेव्हा मी भिंतीला हात लावून बघितला. गार, ओलसर, आणि करवतीच्या समांतर रेघा अजून तशाच. नीट बघितलं तर दगडात बारीक बारीक शिंपले, कारण लाखो वर्षांपूर्वी इथं समुद्र होता. ज्या देशाला आज समुद्रकिनारा नाही त्याच्या पोटात शिंपले सापडतात हे मला फार आवडलं.

तर मुद्दा असा की खाली बाराही महिने १२ ते १४ अंश तापमान असतं आणि हवेत भरपूर दमटपणा. एसी नाही, काही नाही, दगडच सगळं सांभाळतो. आणि फेसाळ वाईनला हेच लागतं, कारण तिच्यात बुडबुडे बाहेरून घातलेले नसतात (किमान चांगल्या वाईनमध्ये तरी नाही). आधी साधी, बिनफेसाची वाईन तयार होते, ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालतात आणि झाकण घट्ट लावून बाटली आडवी ठेवून देतात. यीस्ट साखर खातं, त्यातून गॅस निघतो, पण जायला वाट नाही, मग तो वाईनमध्येच मुरतो. लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर पडली की आत बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सहापट दाब तयार होतो, म्हणजे कारच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट. म्हणून त्या बाटलीची काच इतकी जाड आणि बूड असं आत खोल गेलेलं असतं. गारव्यात हे काम सावकाश होतं, आणि सावकाश झालं की बुडबुडे बारीक येतात असं वाईन करणारी मंडळी मानतात. मेलेलं यीस्ट मग तळाशी बसतं, त्या गाळावर वाईन महिनोन् महिने, कधी कधी काही वर्षं पडून राहते, आणि ताज्या भाजलेल्या ब्रेडसारखा जो वास येतो ना, तो त्या गाळाचा.

आता हा गाळ काढायचा कसा? तर त्या काकू करत होत्या तसा. बाटली रोज थोडी फिरवायची, हळूहळू उभी उलटी करायची म्हणजे गाळ घसरत घसरत मानेत येऊन बसतो. मग मान अतिगार द्रावणात बुडवतात, गाळाचा बर्फ होतो, झाकण काढलं की आतल्या दाबाने तो खडा फाडकन बाहेर. जेवढी वाईन सांडली तेवढी भरून घ्यायची, गोडी हवी तेवढी साखर तेव्हाच घालायची, बूच, त्यावर तार, झालं. बऱ्याच ठिकाणी आता फिरवायचं काम मशीन करतं, इथं हातांनी चालतं ते मी डोळ्यांनी बघितलं.

याच्यामुळेच मला एका गोष्टीचं वाईट वाटतं. या भागातली फेसाळ वाईन म्हटली की अजूनही लोकांना 'सोव्हिएत शॅम्पेन'च आठवते. १९३० च्या दशकात सोव्हिएत सरकारला ती सगळ्यांना परवडेल अशी हवी होती, मग अंतोन फ्रोलोव्ह-बाग्रेयेव्ह या शास्त्रज्ञाने मोठ्या टाक्यांमध्ये लवकर तयार करायची पद्धत बसवली. त्यात वाईट काही नाही, टाकीतली वाईन सुद्धा छान असू शकते, पण ते नाव सगळ्यांनाच चिकटलं आणि तीन तीन वर्षं गाळावर ठेवलेली बाटली पण 'स्वस्तातली शॅम्पेन' होऊन बसली. शॅम्पेन ही नाहीच. ते नाव फ्रान्समधल्या त्या एका प्रदेशाचं. इथं हिला स्पुमांत म्हणतात आणि तेच म्हणावं.

या देशाने द्राक्षांपायी सोसलंय पण खूप. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम काढली तेव्हा इथले मळेच्या मळे उपटले. मग २००६ मध्ये रशियाने मोल्दोव्हाची वाईन बंद केली, तेव्हा बहुतेक माल तिकडेच जायचा, म्हणजे एका झटक्यात गिऱ्हाईकच गेलं. २०१३ मध्ये परत तेच. त्यानंतर यांनी युरोपकडे तोंड वळवलं, नवीन गिऱ्हाईक म्हणजे नवीन चव, आणि गोडसर वाईनपेक्षा कोरड्या, स्वच्छ चवीच्या वाईनकडे आणि आपल्या स्वतःच्या द्राक्षांकडे लक्ष जायला लागलं.

त्यातलं एक फेतेआस्का आल्बा, नावात 'मुलगी' आणि 'पांढरी' दोन्ही आहेत. तिची ब्रूट, म्हणजे गोडी अगदी कमी असलेली, स्पुमांत आम्ही वर आल्यावर किशिनाउमध्ये प्यायलो, लेई (इथलं चलन) मोजून दिल्यावर वाटलं इतक्या कष्टांचे इतकेच? उंच निमुळत्या ग्लासऐवजी साध्या वाईनच्या ग्लासात मागा असं मी मुद्दाम सांगेन, वास मोकळा होतो. आधी हिरवं सफरचंद, मग पांढऱ्या फुलांसारखं काहीतरी, आणि गिळल्यावर जिभेवर खडूसारखा कोरडेपणा राहतो, तो मला सगळ्यात जास्त आवडला. बुडबुडे इतके बारीक की ग्लास कानाजवळ धरला तर नुसतं सुर्रर्र ऐकू येतं. शेजारच्या टेबलावरचे आजोबा आमच्याकडे बघून ग्लास उचलून 'नोरोक' म्हणाले, म्हणजे नशीब, शुभेच्छा. आम्ही पण म्हटलं.

एक राहिलंच. खाली असताना मी गाईडला म्हटलं होतं, त्या काकूंना विचारा ना, गाळ नक्की दिसतो कसा. त्या थांबल्या, एक बाटली अलगद काढली आणि उलटीच दिव्यासमोर धरली. मानेत पिठासारखा पांढरा थर होता, पण त्याच्या वर काचेला एक बारीक धुरकट रेघ अजून चिकटलेली होती. काकूंनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला, मान हलवली, 'अजून नाही' म्हणाल्या, आणि बाटली परत तिच्या भोकात ठेवून अगदी थोडीशी, बोटभर फिरवली.