व्ही, के, जी, एस

इंदूरच्या रामबागेतल्या त्या घरी माझी ती तिसरी खेप. दृष्टी गेलेल्यांना कॉम्प्युटर शिकवणं हे माझं काम. शिकणारे बहुतेक विशी-पंचविशीतले, बँकेच्या परीक्षांच्या मागे लागलेले. नाना ७८ वर्षांचे. काचबिंदूनं आधी कडेकडेचं दिसणं गेलं, मग समोरचंही.

पहिल्या दोन दिवसांत त्यांनी एनव्हीडीए सुरू करणं, बंद करणं, बाणाच्या कळांनी ओळीओळीनं उतरणं, सगळं उचललं होतं. एनव्हीडीए म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. मायकल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणानं २००६ साली ते लिहायला घेतलं, आणि ते फुकट मिळतं. नानांचा त्या ‘फुकट’वर विश्वास नव्हता. “पुढे मागतील बघ,” म्हणाले.

त्या दिवशी मात्र त्यांना शिकायचं नव्हतंच. निवृत्तीनंतर दहा वर्षं खपून त्यांनी घराण्याचा कुळवृत्तांत टाइप केला होता, २१४ पानांचा. तो त्यांना ऐकायचा होता. फाइल उघडली. मराठी आवाज लावला. पहिल्या ओळीवर गेले, आणि यंत्र म्हणालं, “उकुक.”

दारात उभा असलेला नातू फिस्सकन हसला. मी खालच्या ओळीवर गेले, तर आणखी काहीतरी अगम्य. मला वाटलं आवाजच बिघडला. तो काढून पुन्हा टाकला, दोनदा. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पुन्हा “उकुक.” पडद्यावर मला तर स्वच्छ दिसत होतं: ‘नाना’. संकलकाचं नाव.

माझा अर्धा तास त्यात गेला, हे लिहायला लाज वाटते, कारण असली फाइल मी पहिल्यांदा पाहत नव्हते. शेवटी फाँटचं नाव बघितलं. कृतिदेव.

आमच्याकडच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षं कृतिदेवच चाललं. यात अक्षर फक्त दिसायला देवनागरी असतं. आत साठवलेलं असतं ते इंग्रजी. यू आणि के असं साठवायचं आणि पडद्यावर ‘ना’चं चित्र काढायचं. डोळ्यांनी वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही. एनव्हीडीए मात्र चित्र बघत नाही, साठवलेलं वाचतं. यू-के-यू-के, म्हणून उकुक. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्या साठवायची पद्धत. तिच्यात देवनागरी १९९१ पासून आहे, तिथे ‘ना’ हा ‘ना’च असतो, पण २१४ पानं कृतिदेवात होती.

हे नानांना समजावून कसं सांगायचं याची मी जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात ते म्हणाले, “एकेक अक्षर वाचायला लाव त्याला.”

मी उजव्या बाणानं एकेक अक्षर पुढे सरकले. “व्ही. के. जी. एस.”

नानांचे हात मांडीवर होते. डाव्या हाताची तर्जनी खाली सरकली, उजवं मधलं बोट जागीच दबलं, पुन्हा डावी तर्जनी, मग डावी अनामिका.

“आहे,” नाना म्हणाले.

“काय आहे?”

“अगं, ‘आहे’ लिहिलंय तिथं. मी सांगून राहिलोय ना! पुढे चल.”

मी मुद्दाम मधलाच एक शब्द काढला. “एफ. डी. आर. एच.” मांडीवर बोटं चारदा हलली. “किती.”

अंगावर सर्रकन काटा आला. नाना सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, हे मला माहीत होतं. इंग्रजी आणि हिंदी, दोन्ही यंत्रांवर हात बसलेला. कृतिदेवची कळांची मांडणी म्हणजे तीच जुन्या हिंदी रेमिंग्टन टाइपरायटरची. जे अक्षर यंत्र इंग्रजीत उच्चारत होतं, ते त्यांच्या कानात शिरून बोटांत उतरत होतं आणि बोटांतून मराठी होऊन बाहेर येत होतं. अशी दीड ओळ त्यांनी सलग वाचली. मग दमले आणि म्हणाले, “या चालीनं २१४ पानं वाचायला मला आणखी एक जन्म घ्यावा लागेल. तुझ्याकडे काही इलाज आहे का?”

होता. कृतिदेवचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर असतात. मजकूर त्यातून काढला. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार काही जोडाक्षरांत भलत्याच जागी जाऊन बसले, कारण टायपिस्ट वेलांटी आधी मारतो आणि युनिकोड ती अक्षरानंतर ठेवतं. तेवढं हातानं नीट केलं, निदान पहिल्या प्रकरणापुरतं.

मग सूनबाई पोहे घेऊन आल्या, वर जिरावन मसाला, आणि आम्ही ऐकत बसलो. पहिल्या पानाच्या शेवटी नाना एकदम ओरडले, “थांबव!”

मूळपुरुष १८०८ साली होळकरांच्या राजधानीत, इंदूरला आले, असं यंत्रानं वाचलं होतं.

“तेव्हा राजधानी इंदूरला होती कुठे? महिदपूरची लढाई १८१७ सालची. मंदसोरचा तह १८१८ चा. त्यानंतर राजधानी इथे आली. १८१८ हवं. दहा वर्षं हे पान वाचतोय मी, डोळे धड होते तेव्हासुद्धा!”

दुरुस्ती त्यांना स्वतःच करायची होती. युनिकोड टाइप करतानाही रेमिंग्टनची मांडणी निवडता येते, ती मी बसवून दिली आणि कीबोर्ड पुढ्यात सरकवला. सूनबाईंनी नानांच्या डावीकडचा चहाचा कप उचलून उजवीकडे ठेवला. का, ते मला कळलं नाही.

नानांनी साल बदललं. मग लहर आली म्हणून खाली एक नवी ओळ लिहू लागले, खाडखाड, कळा मोडतील इतक्या जोरात. एनव्हीडीए मागून धापा टाकत वाचत होतं. ओळ संपली. नानांचा डावा हात सवयीनं वर उठला आणि टाइपरायटरची गाडी ढकलल्यासारखा हवेतून सपकन उजवीकडे गेला, कप होता बरोबर त्या जागेवरून.